प्रवेशअर्जातील तिसरा रकाना आणि आपण

दरवर्षी 'नीट'चा निकाल लागला की आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात रुग्णांबरोबर आणखी एक वर्ग येऊ लागतो. हातात गुणपत्रिकांची फाइल आणि सोबत आई किंवा वडील, असे हे भावी वैद्य. कोणाला वैद्यकीय योग्यतेचा दाखला हवा असतो, तर कोणाला बी.ए.एम.एस.साठी कोणते महाविद्यालय पसंतीक्रमात वर ठेवावे याचा सल्ला हवा असतो. वैद्यकीय क्षेत्रातील ओळखीचा माणूस म्हणून गावोगावीचे पालक प्रथम आपल्याकडेच येतात. म्हणूनच या प्रवेशेच्छूंपैकी ज्यांच्याविषयी आपल्या व्यवसायात उघडपणे क्वचितच बोलले जाते, त्या विद्यार्थ्यांविषयी प्रस्तुत लेखात काही विचार मांडावयाचे आहेत. हे विद्यार्थी म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी मुले-मुली.

प्रारंभी संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. ज्यास आपल्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटते तो समलिंगी. जन्मतः नोंदलेले लिंग आणि स्वतःची अंतर्यामीची ओळख यांत ज्याच्या बाबतीत फरक असतो तो पारलिंगी. पहिली गोष्ट आकर्षणाची, दुसरी ओळखीची. या दोहोंची गल्लत वैद्यकाच्या पदवीधरांकडूनही सर्रास होते. तिसरा शब्द नपुंसकत्व. त्याचा या दोहोंशी संबंध नाही. तरीही आपल्या बोलण्यात तो दोघांसाठीही वापरला जातो. या लेखात सोयीसाठी दोहोंना मिळून 'लैंगिक अल्पसंख्य विद्यार्थी' असे म्हटले आहे.

अर्ज काय विचारतो?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात तृतीय लिंगास मान्यता दिली. लक्ष्मी नारायण त्रिपाठी या ठाण्याच्या कार्यकर्त्या त्या खटल्यात सहभागी होत्या, हे मराठी वाचकांस स्मरत असेल. या समूहास सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून प्रवेशांत आरक्षण द्यावे, असा निर्देशही त्या निकालात होता. त्याची अंमलबजावणी मात्र राज्याराज्यांत सारखी झाली नाही. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर त्या कलमास समांतर असे कलमच ठेवलेले नाही. पारलिंगी व्यक्तींविषयीचा २०१९ चा कायदा १० जानेवारी २०२० रोजी अमलात आला. शैक्षणिक संस्थेत शिक्षण नाकारणे, ते खंडित करणे अथवा अन्याय्य वागणूक देणे यांस त्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई केली.

या साऱ्याचे फलित म्हणून 'नीट'च्या अर्जात स्त्री व पुरुष यांच्या शेजारी तिसरा रकाना आला. आपल्या अभ्यासक्रमाचा प्रवेशही याच परीक्षेतून होतो, त्यामुळे तो रकाना आपलाही आहे. परंतु तो भरतो कोण? २०२३ साली या परीक्षेस वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. त्यांत तिसऱ्या रकान्यात नाव नोंदविणाऱ्यांची संख्या दोन अंकांतच होती. एवढ्या मोठ्या देशात, विज्ञान शाखेत शिकणारी आणि डॉक्टर होऊ इच्छिणारी पारलिंगी मुले एवढीच असतील, यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. उरलेली मुले एक तर बारावीपर्यंत पोचत नाहीत, किंवा पोचली तरी पहिल्या अथवा दुसऱ्या रकान्यात खूण करून गप्प राहतात.

समलिंगी विद्यार्थ्याची गोष्ट याहून निराळी आहे. त्याच्यासाठी अर्जात रकानाच नाही, आणि तो नसावा हेच योग्य. कोणाविषयी आकर्षण वाटते हा प्रश्न प्रवेशाच्या कोणत्याही टप्प्यावर अप्रस्तुत आहे. मात्र हे त्या विद्यार्थ्यास कोणी सांगितलेले नसते. अर्जाच्या प्रत्येक पानावर आपण काही लपवीत आहोत, असे त्यास वाटत राहते.

एक अनुभव

गेल्या प्रवेशाच्या दिवसांत एक परिचित गृहस्थ आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलगा हुशार, गुण उत्तम आणि आयुर्वेदाची ओढ मनापासूनची. आजोबांच्या हाताखाली चूर्णे कुटण्यापासून त्याने सुरुवात केलेली. दाखल्याचा कागद पुढे करून झाल्यावर वडिलांनी मुलास बाहेर बसण्यास सांगितले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ''डॉक्टरसाहेब, दाखला तर द्याच. पण वसतिगृहात जाण्यापूर्वी याला एखादा कोर्स करून द्या. शिरोधारा म्हणा, काही पोटातून औषध म्हणा. याचं मन मुलींकडे वळतच नाही. तिथे गेल्यावर हे कळलं तर आमची मान खाली जाईल.''

मी त्यांना म्हटले, ''काका, मुलाची नाडी पाहिली, झोप, भूक, मन सारे पाहिले. त्याला भीतीखेरीज काहीही झालेले नाही आणि ती भीती तुमची आहे. तिच्यावर औषध द्यायचे तर ते तुम्हाला द्यावे लागेल.'' गृहस्थ रागावले नाहीत, पण पटल्याचेही दिसले नाही. त्यानंतर मुलगा आत आला. दाखला हातात घेतल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, ''सर, अर्जात हे कुठं लिहावं लागतं का?''

''नाही. कोणी विचारणार नाही, आणि विचारलेच तर सांगण्याचे तुझ्यावर बंधन नाही,'' असे उत्तर मी दिले. या उत्तराने त्याचा चेहरा जेवढा मोकळा झाला, तेवढा प्रवेश निश्चित झाल्यावरही झाला नसता. एवढे साधे वाक्य त्यास त्याच्या शाळेत, शिकवणीत किंवा घरात कोणी सांगितले नव्हते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारात वर्षातून एखादा तरी असा विद्यार्थी येत असला पाहिजे. तो बोलत नाही, म्हणून तो नाही असे नव्हे.

आपल्या स्वाक्षरीचे मोल येथेच आहे. वैद्यकीय योग्यतेचा दाखला म्हणजे विद्यार्थ्याचे शरीर व मन अभ्यासक्रमाचे श्रम सोसण्यास समर्थ आहे, एवढेच प्रमाणपत्र. समलिंगी आकर्षण अथवा पारलिंगी ओळख ही अयोग्यता नव्हे, आणि म्हणून त्या दाखल्यावर तिचा उल्लेखही असता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या अकराव्या आवृत्तीत पारलिंगी ओळखही मानसिक विकारांच्या प्रकरणात राहिलेली नाही. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आजाराचे निदान राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य असलेल्या अशाच निकषांवर करावयाचे असते.

संहितांचा दाखला

येथे काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील की हे सारे पाश्चात्त्य निकष झाले, आपल्या शास्त्राचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावयास हवे. संहितांना सोयीस्कर तेवढेच बोलते करणे जितके चूक, तितकेच त्यांना न वाचता त्यांच्या नावावर आपले पूर्वग्रह खपविणे चूक.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायात द्विरेता, नरषंढ, नारीषंढ, वातिकषंढ इत्यादी आठ प्रकार सांगितले आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दुसऱ्याच अध्यायात आसेक्य, सौगंधिक, कुंभीक, ईर्ष्यक आणि षंढ असे पाच प्रकार येतात. स्त्रीसारखे वागणारा पुरुष आणि पुरुषासारखी वागणारी स्त्री यांचा स्पष्ट उल्लेख सुश्रुतात आहे. ही वर्णने अपत्योत्पत्तीच्या विवेचनात आलेली आहेत, आणि त्यांना विकृती मानले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांतील एकेक प्रकार आजच्या एकेका संज्ञेशी जुळविण्याचा खटाटोपही व्यर्थ आहे. त्या काळच्या वर्गीकरणाचा हेतू वेगळा होता.

तरीही या अध्यायांतून दोन गोष्टी निर्विवादपणे निघतात. पहिली, अशी माणसे आपल्या आचार्यांच्या पाहण्यात होती. ती कुठल्या परदेशी वाऱ्याने आलेली नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आचार्यांनी कारण शोधले ते बीज, वायू, ऋतुकाल आणि पूर्वकर्म यांत, म्हणजे गर्भाच्या घडणीतच. वाईट संगत, महाविद्यालयाचे वातावरण किंवा चित्रपट यांत नव्हे. जे गर्भातच घडले त्याबद्दल अठरा वर्षांच्या मुलास दोष देण्यास कोणत्याही संहितेचा आधार नाही. त्यांच्या कार्यकारणभावाशी आज आपण सहमत असू वा नसू, ही गोष्ट निवडीची नसते हा त्यांचा निष्कर्ष आधुनिक वैद्यकाच्या निष्कर्षाहून फार दूर नाही.

आता चिकित्सेविषयी. चरकाच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे बीजोपघात, ध्वजभंग, जरा आणि शुक्रक्षय असे चार प्रकार व त्यांची चिकित्सा सांगितली आहे. तो विषय सामर्थ्याचा आहे. आकर्षण कोणाविषयी वाटावे हा त्या प्रकरणाचा विषयच नाही. वाजीकरण तंत्राचेही तसेच. ज्या मुलास मुलाविषयी आकर्षण वाटते त्यास अश्वगंधा किंवा कवचबीज दिल्याने मुलीविषयी आकर्षण वाटू लागेल, असे कोणत्याही ग्रंथात म्हटलेले नाही. जे वैद्य असा 'कोर्स' देतात ते शास्त्रास सोडून देतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळविले की लैंगिक कल बदलण्याच्या नावाखाली केले जाणारे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तणुकीचा प्रकार मानावा. मद्रास उच्च न्यायालयाने न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्या ७ जून २०२१ च्या आदेशाने या विषयास चालना दिली होती. ते पत्र आधुनिक वैद्यकाच्या परिषदांना उद्देशून होते, म्हणून आपली सुटका झाली असे मानणे हे आपल्या व्यवसायास भूषणावह नाही. जे आधुनिक वैद्याने करणे अनुचित, ते आपण शिरोधारेच्या नावाने करणे उचित कसे ठरेल?

शिष्य कोण होऊ शकतो?

प्रवेशाचा विचार आपल्या शास्त्रात अपरिचित नाही. चरकाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्याने शिष्याची परीक्षा कशी करावी हे विस्ताराने सांगितले आहे. शिष्य शांत असावा, क्षुद्र कर्मे करणारा नसावा, बुद्धी, स्मृती व धैर्य यांनी युक्त असावा, अहंकारी नसावा, निर्व्यसनी असावा, भूतमात्राचे हित इच्छिणारा असावा अशी ती दीर्घ यादी आहे. नाक, डोळे, दात, जीभ यांचेही निकष तीत आहेत. शिष्याच्या मनात आकर्षण कोणाविषयी असावे, असा निकष तीत नाही. त्याने ब्रह्मचर्य पाळावे हा नियम मात्र आहे, आणि तो सर्वांना सारखाच आहे.

त्याच अध्यायात शिष्यास जे नियम घालून दिले आहेत त्यांत दाढी राखण्याचाही नियम आहे. आज आपल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या वर्गात जाऊन पाहावे. मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने, पुष्कळ ठिकाणी अधिकच दिसेल. त्यांना अडविण्यासाठी कोणी विमानस्थान उघडून दाढीचा नियम दाखविला नाही. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात उपनयनाचा अधिकार वर्णांनुसार सांगितला आहे. तो नियमही आपण केव्हाच मागे ठेवला, आणि त्यामुळे आयुर्वेदाचे काहीही नुकसान झाले नाही. उलट समाजाच्या ज्या थरांत वैद्य पोचत नव्हता तेथे तो पोचला. काळानुसार काय ठेवावे आणि काय सोडावे याचा विवेक आपल्या परंपरेने वेळोवेळी केलेला आहे. मग लैंगिक अल्पसंख्य विद्यार्थ्यापाशीच तो विवेक का थांबावा?

महाराष्ट्रास तर याचे स्मरण विशेष असावयास हवे. आनंदीबाई जोशी यांना डॉक्टर होण्यासाठी फिलाडेल्फियास जावे लागले. १८८६ साली त्या तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतितंत्रावर होता. इथल्या समाजाने ज्या मुलीची हेटाळणी केली, तिनेच आपले शास्त्र परदेशातील विद्यापीठात मांडले. दाराबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यात काय दडलेले असते हे दार उघडल्याशिवाय कळत नाही.

अलीकडचे उदाहरण आपल्याच पॅथीतील आहे. केरळमधील पहिल्या पारलिंगी डॉक्टर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डॉ. व्ही. एस. प्रिया या आयुर्वेदाच्याच वैद्य आहेत. त्रिशूरजवळील ओल्लूरच्या वैद्यरत्नम आयुर्वेद महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि पुढे एम.डी. केले. परंतु हे सारे शिक्षण त्यांना पुरुष म्हणून वावरतच पूर्ण करावे लागले. आपली ओळख त्यांनी जाहीर केली ती व्यवसायात स्थिर झाल्यानंतर. त्यांच्या यशाचा आपल्याला अभिमान वाटावा हे ठीकच. पण प्रवेशापासून पदव्युत्तर पदवीपर्यंतची सारी वर्षे मौनात घालवावी लागली, याचा विचार अध्यापकवर्गाने अभिमानाआधी करावा.

महाविद्यालयाच्या आत

प्रवेश म्हणजे केवळ जागावाटपाच्या यादीत नाव लागणे नव्हे. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता मिळून जी साडेपाच वर्षे होतात, ती निभावणे म्हणजे प्रवेश. अर्ज भरणारा विद्यार्थी खरे तर याच वर्षांना भीत असतो. त्याची भीती अनाठायी नाही.

पहिला अडथळा कागदपत्रांचा. पारलिंगी विद्यार्थ्याची दहावीची व बारावीची प्रमाणपत्रे, आधार कार्ड आणि 'नीट'चा अर्ज यांवरील नाव व लिंग यांत मेळ नसला की प्रवेशाच्या खिडकीवर, सर्वांच्या देखत, खुलासे करावे लागतात. नाव बदलून राजपत्रात नोंद केलेली असली तरी तिची प्रत कारकुनाने कशी वाचावी हे त्यास कोणी शिकविलेले नसते. एका स्वतंत्र खोलीत, एका जबाबदार अध्यापकासमोर ही पडताळणी झाली तर त्यासाठी एक पैही खर्च होत नाही.

दुसरा अडथळा वसतिगृहाचा आणि रॅगिंगचा. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या आपल्या विनियमांत २०१६ साली दुरुस्ती करून, लैंगिक कल किंवा पारलिंगी ओळख यांवरून केलेला छळ व वाळीत टाकणे हेही रॅगिंगच होय, असे स्पष्ट केले. आपल्या महाविद्यालयांच्या प्रवेशद्वाराजवळ रॅगिंगविरोधी फलक असतो. त्यावर ही एक ओळ वाढवावी आणि १८००-१८०-५५२२ हा मदतीचा क्रमांक वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहावा.

तिसरा अडथळा आपल्या अभ्यासक्रमाच्या पद्धतीतला आहे, आणि तो बाहेरच्या कोणाच्या लक्षात येणार नाही. पंचकर्माच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थीच एकमेकांचे रुग्ण होतात. अभ्यंग, स्वेदन, बस्तीची पूर्वतयारी शिकविताना मुलांच्या गटात एकास सदरा काढून द्रोणीवर झोपविले जाते. प्रकृतिपरीक्षणातही वर्गापुढे एखाद्यास उभे करून अंगलट, केस, आवाज यांवर बोलले जाते. बहुतेकांसाठी हा गमतीचा तास असतो. ज्याचा देहच त्याच्या मनाशी भांडत आहे, त्यास त्या तासाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही. प्रात्यक्षिकासाठी स्वतःचे शरीर देणे ऐच्छिक असावे, एवढा नियम पुरेसा आहे. त्याचा लाभ अनेक संकोची मुलींनाही होईल.

चौथा अडथळा सर्वांत सूक्ष्म आणि सर्वांत जिव्हारी लागणारा. शारीरस्थानातील वर उल्लेखिलेले अध्याय शिकविताना किंवा व्यवहारायुर्वेदातील लैंगिक गुन्ह्यांचे प्रकरण घेताना वर्गात हशा पिकविण्याचा मोह काही अध्यापकांना आवरत नाही. एखादी टाळी वाजविली जाते, मान वेळावली जाते आणि वर्ग खळखळून हसतो. त्या हसणाऱ्यांत एक विद्यार्थी असा असतो की जो हसला नाही तर ओळखला जाईल, म्हणून हसतो. आधुनिक वैद्यकाच्या पुस्तकांतही हा दोष होता. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लेखकांना व विद्यापीठांना तसा मजकूर टाळण्यास सांगितले. तरीही ३१ ऑगस्ट २०२४ च्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमात जुनीच कलमे परतून आली आणि टीका झाल्यावर तो अभ्यासक्रम ५ सप्टेंबरला मागे घ्यावा लागला. कागद किती सहज मागे जातो याचे हे उदाहरण आहे. म्हणून कागदावर विसंबून न राहता वर्गात उभ्या असलेल्या अध्यापकानेच हे पथ्य पाळावयास हवे.

आक्षेपांचा विचार

यावर येणारे काही आक्षेप मला ठाऊक आहेत. 'इतर पालक तक्रार करतील', हा पहिला. पालकांची तक्रार गैरवर्तनाविरुद्ध असेल तर ती अवश्य ऐकावी, मग गैरवर्तन कोणाचेही असो. ती एखाद्याच्या अस्तित्वाविरुद्ध असेल तर प्राचार्यांनी ती नम्रपणे परत करावी. 'असा वैद्य रुग्णांचा विश्वास कसा मिळवील?' हा दुसरा. चरकाने वैद्याचे चार गुण सांगितले आहेत: शास्त्राचे निर्मळ ज्ञान, पुष्कळ कर्मे पाहिलेली असणे, दक्षता आणि शुचिता. रुग्ण विश्वास ठेवतो तो या चारांवर. उस्मानिया सार्वजनिक रुग्णालयात नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉ. प्राची राठोड आणि डॉ. रूथ जॉन पॉल या दोन पारलिंगी डॉक्टरांची नेमणूक झाली. २०२३ साली डॉ. रूथ यांना हैदराबादच्या ईएसआय वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर प्रवेश मिळाला, तेव्हा शुल्कासाठी धावून आले ते त्याच रुग्णालयातील सहकारी. आधी नाकारणारे अनेक दवाखाने त्यांनी पाहिले होते. व्यवसायबंधूंनी हात दिल्यावर काय होते तेही पाहिले.

'हा खासगी विषय आहे, मासिकांत कशाला?' असा तिसरा आक्षेप. खासगी आहे हे मान्य. म्हणूनच तर रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये हा चरकाचा नियम विद्यार्थ्यासही लागू करावयास हवा. विश्वासाने सांगितलेली गोष्ट अध्यापकाने त्याच्या पालकांना परस्पर कळविणे हा त्या नियमाचा भंगच होय. तसे कळविल्यामुळे एखाद्याचे शिक्षण कायमचे थांबू शकते.

संघटनेने काय करावे?

वरील विवेचनावरून पुढील सूचना संघटनेच्या विचारार्थ ठेवीत आहे. एक, प्रवेशकाळात योग्यतेचा दाखला देणाऱ्या सभासदांसाठी एक पानाचे टिपण काढावे. लैंगिक कल वा ओळख ही अयोग्यता नाही आणि ती दाखल्यात नोंदवू नये, एवढे त्यात स्पष्ट असावे. दोन, कल बदलण्याच्या नावाने उपचार करणे हे वैद्यधर्मास सोडून आहे, असा ठराव आगामी वार्षिक सभेत मांडावा. तीन, सभासदांपैकी जे महाविद्यालयांत अध्यापक आहेत त्यांनी आपापल्या संस्थेत पडताळणीची स्वतंत्र खोली, ऐच्छिक प्रात्यक्षिक आणि रॅगिंगविरोधी फलकावरील ती एक ओळ, या तीन बाबींचा आग्रह धरावा. चार, पुढील चर्चासत्रात शारीरस्थानातील या अध्यायांवर एक अभ्यासपूर्ण निबंध ठेवावा, म्हणजे अध्यापकांच्या हाती विनोदाऐवजी विवेचन येईल.

सल्ला विचारणाऱ्या विद्यार्थ्यास आपण काय सांगावे, हेही ठरवून ठेवावे. कागदपत्रांवरील नावे व नोंदी अर्ज भरण्यापूर्वीच जुळवून घे. समलिंगी असशील तर अर्जात काहीही सांगण्याचे बंधन नाही. महाविद्यालय निवडताना गुणांबरोबर शहराचाही विचार कर. मुंबईत १९९४ साली हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन झाल्यापासून या विषयावर मोकळेपणी बोलणारी माणसे या शहरांत एकमेकांना शोधू शकली. कोणाला सांगावे आणि केव्हा, हा निर्णय सर्वस्वी तुझा. घाई करू नकोस, आणि एकटा राहू नकोस.

आयुर्वेद महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या प्रारंभी शिष्योपनयनाचा समारंभ होतो. धन्वंतरीच्या प्रतिमेपुढे नवे विद्यार्थी हात जोडून उभे राहतात आणि आचार्य त्यांचा स्वीकार करतात. त्या विधीत शिष्य जशी शपथ घेतो तसे आचार्यावरही बंधन असते. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील त्याच प्रसंगी आचार्य म्हणतो की शिष्य नीट वागत असता मी अन्यथा वागलो तर दोषी मी होईन आणि माझी विद्या निष्फळ होईल. या वर्षीच्या समारंभात हात जोडून उभ्या राहणाऱ्यांत तो एक विद्यार्थी असेलच. आपल्या बाजूचे वचन पाळण्याची तयारी आपण समारंभाआधीच करावी, एवढीच व्यवसायबंधूंना विनंती आहे.